शिंपला जगतो, पण बी धरत नाही : तापणारा समुद्र आणि घाण पाण्याचा दुहेरी मार

आजरा : आंबोली घाट चढून येणारी मासळीची गाडी आजरेकरांना नवी नाही. बांगडा, तारली, सुरमई यांच्या जोडीला पाटीत कधीमधी तिसऱ्या असतात. एखाद्यानं सांगून ठेवलं असेल तर सोललेली कालवंही येतात. सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण, गोवा या भागात ज्यांची सोयरीक आहे, त्यांच्याकडं तर पाहुणा वर येताना पिशवीत तिसऱ्या घेऊनच येतो. सुक्कं करायचं की एकशिपी, एवढाच काय तो वाद.

पण त्या पाटीकडं शेतकऱ्याच्या नजरेनं बघितलं तर वेगळाच प्रश्न पडतो. पाटीत दिसतंय ते पीक. त्याचं बी कुठं आहे? आज विकायला आलेला शिंपला साधारण वर्षापूर्वी किंवा त्याच्याही आधी जन्मलेला असतो. म्हणजे आजची पाटी गेल्या हंगामाच्या पाण्याची हकीकत सांगते, आजच्या पाण्याची नाही. यंदा बी रुजलं की नाही हे कळायला पुढच्या वर्षाची पाटी रिकामी यावी लागते, आणि तोवर एक हंगाम हातचा गेलेला असतो.

समुद्र तापतोय, ही एक बातमी. खाड्यांत घाण उतरतेय, ही दुसरी. या दोन्ही बातम्या वेगवेगळ्या दिवशी येतात आणि आपण त्या वेगवेगळ्याच वाचतो. खाडीतल्या शिंपल्यावर मात्र दोन्ही एकाच दिवशी, एकाच पाण्यातून येतात.

अंड्याला दार नसतं

तिसऱ्या, कालवं, शिनाणे, खुबे ही सगळी दोन शिंपांची जनावरं. यांच्यात नर-मादी जवळ येत नाहीत. हंगाम आला की नर आपलं बीज आणि मादी आपली अंडी सरळ पाण्यात सोडते. पाण्यात त्यांची गाठ पडली तर अंडं फळतं. एक मोठी मादी एका हंगामात लाखांनी, कालवासारख्या जातीत तर कोटीच्या घरात अंडी सोडते. एवढी कशाला, तर त्यातली जवळपास सगळी वाया जाणार हे निसर्गानं धरूनच ठेवलेलं असतं.

फळलेल्या अंड्यातून दिवसभरात डोळ्याला न दिसणारी अळी तयार होते. एक-दोन दिवसांत तिच्या अंगावर इंग्रजी डी अक्षरासारखी पहिली पातळ शिंप चढते. मग दोन-तीन आठवडे ती पाण्यात तरंगत, सूक्ष्म शेवाळ खात फिरते. शेवटी एक पाय फुटतो. त्या पायानं ती तळ चाचपते आणि जागा पसंत पडली तर बसते. कालवाची अळी खडकाला किंवा जुन्या शिंपेला कायमची चिकटते, शिनाण्याची अळी धाग्यांनी खडक धरते, तिसरी वाळूमिश्रित चिखलात घुसते. याला मच्छीमार आणि शास्त्रज्ञ दोघंही बीच म्हणतात.

आता इथली मेख अशी. मोठा शिंपला पाणी बिघडलं की शिंपा मिटून घेतो. घरचं दार लावून बसल्यासारखा तो काही तास, काही जाती तर काही दिवसही तग धरतात. अंड्याला, बीजाला आणि कोवळ्या अळीला दारच नाही. पाण्यात जे असेल ते थेट अंगावर. त्यामुळं ज्या पाण्यात मोठे शिंपले धडधाकट दिसतात त्याच पाण्यात त्यांची पिल्लं मरून जात असतात, आणि ते कुणाला दिसतही नाही. खाडीत मेलेले मासे तरंगले तर फोटो येतो. मेलेल्या अळ्यांचा फोटो येत नाही.

म्हशीचा मुका माज आठवा

उष्णतेनं काय होतं हे गोठा असलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. एप्रिल-मेच्या उन्हात म्हैस खाते, पिते, रवंथ करते, पण माज दाखवत नाही. मुका माज म्हणतो आपण. माज कळला नाही की भरवायची वेळ चुकते आणि वेत लांबतं. म्हैस आजारी नसते. तिच्या अंगातली ताकद उष्णतेशी झुंजण्यात जाते, वंश वाढवायला उरत नाही.

शिंपल्याचं तसंच आहे, फक्त त्याला सावलीत नेऊन बांधता येत नाही. त्याचं रक्त थंड. पाणी जेवढं तापेल तेवढं त्याचं अंग तापतं. अंग तापलं की शरीराची भट्टी जोरात चालते, खाणं जास्त लागतं, प्राणवायू जास्त लागतो. नेमकं गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. म्हणजे खर्च वाढला आणि आवक घटली. अशा वेळी जनावर पहिल्यांदा जीव वाचवतं. पोटातली अंडी पोसायचा खर्च सगळ्यात शेवटी. अंडी कमी धरतात, बारीक धरतात. फार ताण पडला तर तयार होत आलेली अंडी शरीर परत जिरवून टाकतं.

शिवाय वेळ बिघडते. शिंपले एकाच वेळी बीज सोडतात म्हणून तर ते पाण्यात एकमेकांना गाठतं. ही वेळ त्यांना कळते पाण्याच्या तापमानावरून आणि खारटपणावरून. पहिल्या पावसाचं गोडं पाणी खाडीत उतरलं किंवा पावसाळा सरताना पाणी पुन्हा खारट व्हायला लागलं की इशारा मिळतो. इशारा चुकला तर काही जनावरं आधी मोकळी होतात, काही नंतर. मग बीज एकीकडं, अंडी दुसरीकडं. काजूला मोहोर आला आणि नेमकं आभाळ येऊन राहिलं तर काय होतं ते आजरा तालुक्याला माहीत आहे.

इथं एक खरं सांगायला हवं. थोडी ऊब वाईट नसते. पाणी जरा कोमट असेल तर अळी लवकर वाढते, लवकर बसते, तेवढे शत्रूही कमी भेटतात. त्रास सुरू होतो तो जातीला मानवणारी हद्द ओलांडल्यावर. आणि आपल्या किनाऱ्यावरचे शिंपले आधीच त्या हद्दीच्या जवळ राहतात, कारण ओहोटीला उघड्या पडलेल्या खडकावर आणि चिखलावर दुपारचं ऊन ते रोजच सोसतात.

समुद्र किती तापला

पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था आहे. तिथले शास्त्रज्ञ रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांचे सहकारी हिंद महासागरावर बरीच वर्षं काम करतात. त्यांच्या २०२४ च्या अभ्यासानुसार १९५० ते २०२० या काळात उष्ण कटिबंधातला हिंद महासागर सुमारे १.२ अंश सेल्सिअसनं तापला. एक अंश म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण माणसाचा ताप ९८.६ वरून १०१ झाला तरी फरक तेवढ्याचाच असतो आणि माणूस अंथरूण धरतो.

सरासरीपेक्षा घातक आहेत त्या समुद्रातल्या उष्णतेच्या लाटा. जमिनीवर जशी लाट येते तशी समुद्रातही येते, आणि आली की दिवसच्या दिवस हटत नाही. त्याच अभ्यासात म्हटलंय की १९७० ते २००० दरम्यान वर्षाला सरासरी २० दिवस अशा लाटेचे असायचे. कर्ब वायू असाच सोडत राहिलो तर हे शतक संपताना ते २२० ते २५० दिवसांवर जातील. म्हणजे लाट हाच नेहमीचा हंगाम होईल.

त्या जोडीला पाण्याची आम्लता. धुराड्यांतून आणि गाड्यांतून निघालेल्या कर्ब वायूचा बराच भाग समुद्र पितो. सोडावॉटरमध्ये तोच वायू असतो आणि त्यानंच ते जिभेला आंबूस लागतं. समुद्राचा सामू आज ८.१ च्या आसपास आहे, तो शतकाअखेर ७.७ च्या खाली जाऊ शकतो असा अंदाज आहे. आपल्या तांबड्या जमिनीत सामू घसरला की आपण चुना टाकतो. शिंपल्याची शिंप म्हणजेच चुना. जुन्या काळी कोकणात शिंपले भाजूनच घराला चुना करायचे. आंबूस पाण्यात ती शिंप बांधायला अळीला जास्त ताकद लागते.

हे पुस्तकी भय नाही. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर २००७ पासून पुढं दोन-तीन वर्षं कालवांचं बी तयार करणाऱ्या हॅचऱ्यांत अळ्या टाक्याच्या टाक्या भरून मेल्या. आधी रोगाचा संशय होता. नंतर कळलं की खोल समुद्रातलं आम्लधर्मी पाणी वर येऊन टाक्यांत शिरत होतं. तिथल्या लोकांनी मग पाण्याचा सामू सतत मोजायला आणि टाकीतल्या पाण्यात सोडा मिसळायला सुरुवात केली, तेव्हा धंदा वाचला. टाकीत सोडा घालता येतो. खाडीत नाही.

आपल्याकडंही पावसाळ्याच्या उत्तरार्धात खोलातलं कमी प्राणवायूचं पाणी पश्चिम किनाऱ्याजवळ वर सरकतं. गोव्याच्या दोनापावल इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं हे सविस्तर मांडलं आहे. हे निसर्गतः होतंच, पण शहरांचं सांडपाणी आणि शेतातलं वाहून गेलेलं खत त्यात भर घालतं.

तांब्याचा दहावा हिस्सा

आता घाणीकडं येऊ. सांडपाणी, कारखान्यांचं पाणी, खाणींची माती, होड्यांचा रंग, प्लास्टिक, शेतातली औषधं असं सगळं त्यात आहे. सगळ्यांची यादी करत बसण्यापेक्षा एकच पदार्थ नीट बघू : तांबं.

मोरचूद आपण ओळखतो. मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण कोकणात, गोव्यात सुपारीवर मारतात, ते तांब्याचंच. होडीच्या तळाला शेवाळ आणि शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून जो रंग लावतात त्यातही बहुधा तांबं असतं. म्हणजे शिंपल्याचं बी बसू नये म्हणूनच तो रंग बनवलेला आहे. तो लावून होडी उभी राहते त्याच खाडीत, जिथं बी बसायला हवं.

१९७३ मध्ये अमेरिकेत कालवाच्या फळलेल्या अंड्यांवर प्रयोग झाले. एका लिटर पाण्यात साधारण ०.१ मिलिग्रॅम तांबं असलं तरी दोन दिवसांत निम्मी अंडी मेली. तुलनेला, दुसरा पर्याय नसेल तर माणसाच्या पिण्याच्या पाण्यात तांबं १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालतं असं भारतीय मानक सांगतं. म्हणजे कागदावर पिण्यालायक ठरणारं पाणी कालवाच्या अंड्याला पंधरापट जहाल असू शकतं. पाणी स्वच्छ आहे म्हणताना ते कुणासाठी स्वच्छ, हे विचारायला हवं.

होडीच्या रंगाची याहून वाईट गोष्ट फ्रान्समध्ये घडली. आर्काशॉनच्या खाडीत पिढ्यान् पिढ्या कालवांची शेती चालते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस तिथं काही हंगाम बी बसेनासं झालं, जे बसलं त्याच्या शिंपा वेड्यावाकड्या जाड झाल्या. कारण निघालं ट्रायब्युटिलटिन नावाचं कथिलाचं रसायन, होड्यांच्या रंगातलं. एका लिटरला ग्रॅमचे काही अब्जांश भाग एवढ्यानंही ते बाधत होतं. १९८२ मध्ये फ्रान्सनं लहान होड्यांना तो रंग बंद केला आणि थोड्या वर्षांत बी परत बसू लागलं. जगभरातल्या जहाजांवरची बंदी लागू व्हायला मात्र २००८ उजाडलं. मधल्या काळात भारताच्या किनाऱ्यावरही बंदरांजवळच्या समुद्री गोगलगायींत माद्यांना नराचे अवयव फुटलेले शास्त्रज्ञांना सापडले, तेही याच रसायनामुळं.

प्लास्टिकचंही तसंच. फ्रान्समधल्याच एका प्रयोगात कालवांना दोन महिने बारीक प्लास्टिकचे कण असलेल्या पाण्यात ठेवलं. २०१६ मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार त्यांची अंडी ३८ टक्के कमी झाली, नराच्या बीजाचा वेग २३ टक्क्यांनी मंदावला आणि अळ्या ४१ टक्के कमी निघाल्या. हा टाकीतला प्रयोग आहे, खाडीत कण कमी-जास्त असतात. पण गोव्यातल्या साळ नदीच्या खाडीत पाणी, गाळ आणि खाण्याचे शिंपले या तिन्हींत असे कण सापडलेले आहेत. शिंपला पाणी गाळून पोट भरतो. एक मोठं कालव दिवसाला शंभर लिटरच्या वर पाणी गाळू शकतं. पाण्यात जे असेल ते त्याच्या पोटात जाणारच.

एक आणि एक तीन

आता दोन्ही एकत्र करू. गरम पाण्यात शिंपला जोरात श्वास घेतो, जास्त पाणी आत ओढतो, म्हणजे त्या पाण्यातलं विषही जास्त ओढतो. विष बाहेर काढायला किंवा शरीरात बांधून ठेवायला वेगळी ताकद लागते. पण ताकद तर उष्णतेनं आधीच खाल्लेली. घरात आजारपण निघालं आणि त्याच महिन्यात पीक गेलं, तर कर्ज नुसतं दुप्पट होत नाही, व्याजासकट वाढतं. तसं हे.

ज्या अमेरिकन कालवावर तांब्याचा प्रयोग झाला, त्याच कालवाच्या अंड्यांवर १९७९ मध्ये तांबं, तापमान आणि खारटपणा हे तिन्ही एकत्र बदलून बघितलं गेलं. अंड्याला मानवणाऱ्या तापमानापासून वर किंवा खाली सरकलं की तांब्यापुढं ती लवकर हार मानत होती. नुसत्या तापमानाचा प्रयोग केला असता तर पाणी ठीक वाटलं असतं. नुसत्या तांब्याचा केला असता तरी कदाचित ठीक वाटलं असतं.

सरकारी नियमांची गोची इथंच आहे. प्रदूषणाच्या मर्यादा एकेका पदार्थाला धरून ठरतात : तांबं इतकं, शिसं इतकं. पाणी तापलेलं असताना तेवढंच तांबं किती घातक, हे त्या तक्त्यात बसत नाही.

आणि वेळही वाईट जुळते. पहिल्या पावसाबरोबर उन्हाळाभर साचलेली घाण एकदम खाडीत येते. पावसाळा संपला की नद्यांचं पाणी घटतं, खाडीत येणारी घाण पातळ करायला गोडं पाणी उरत नाही, आणि त्याच वेळी ऑक्टोबरचं ऊन तापतं. आपल्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच शिंपल्यांचं बी नेमकं या दोन वेळांच्या आसपास सुटतं आणि बसतं. त्यात आता वादळांची भर आहे. १९८२ ते २००० च्या तुलनेत २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं ५२ टक्क्यांनी वाढली, असं पुण्याच्या त्याच संस्थेच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये 'क्यार' आलं, मे २०२१ मध्ये 'तौक्ते' आलं. अवेळी मुसळधार पाऊस म्हणजे खाडीचा खारटपणा एका दिवसात खाली. कालच बसलेलं बी त्यात टिकत नाही.

खाडीत कोण असतं

खोल समुद्रातल्या मासेमारीला ट्रॉलर लागतो, डिझेल लागतं, भांडवल लागतं. शिंपले गोळा करायला ओहोटीची वेळ कळावी लागते आणि गुडघाभर चिखलात वाकून तास न् तास काढायची तयारी लागते. म्हणून हे काम बहुतेक बायका करतात. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीपासून मालवण, वेंगुर्ल्यापर्यंत आणि पुढं गोव्याच्या खाड्यांत हेच चित्र. होडी नाही, जाळं नाही, त्यामुळं नुकसानभरपाईच्या यादीतही बहुतेक वेळा नाव नाही. शेतात राबणाऱ्या पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बाईसारखंच.

किनारा कुठं कुठं आधीच हरलाय. गोव्यात झुआरीच्या मुखाजवळ चिखली गावाच्या खाडीत एक पातळ, चपटा, काचेसारखा अर्धपारदर्शक शिंपला मिळतो. काच महाग होती त्या पोर्तुगीज काळात गोव्यातल्या घरांच्या खिडक्यांना याच्याच शिंपा बसवायचे. वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. तरीही बेसुमार काढणी आणि बिघडत चाललेली खाडी यामुळं तो घटला. दाभोळ खाडीत मेलेले मासे तरंगणं आणि त्यावरून मच्छीमारांची आंदोलनं होणं, हे रत्नागिरी जिल्ह्यात वर्षानुवर्षं चालू आहे. मांडवी आणि झुआरीच्या गाळात खाणींच्या मातीबरोबर आलेले लोह-मँगनीज आहेत.

सगळा दोष पाण्यावर ढकलून चालणार नाही. काढणीही बेताल झालीय. पावसाळ्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते, पण हातानं शिंपले काढायला ती लागू नाही. बारीक शिंपले, ज्यांनी अजून एकदाही बीज सोडलेलं नाही, तेही वाट्यात येतात.

केरळात कोल्लमजवळ अष्टमुडी सरोवरात याच्यावर उपाय करून बघितला गेला. तिथं तिसऱ्यांच्या कुळातला शिंपला मिळतो, तो परदेशातही जातो. १९९० च्या दशकात काढणी हाताबाहेर गेली तेव्हा केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या सल्ल्यानं डिसेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे प्रजननाच्या काळात काढणी बंद केली, जाळ्याचे आस मोठे केले. मच्छीमारांनीच ते पाळलं. उत्पादन सावरलं आणि २०१४ मध्ये या मासेमारीला टिकाऊपणाचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच. एवढं नीट करूनही पुढं उत्पादन पुन्हा घसरलं. हवामानातले बदल, प्रदूषण आणि बाहेरून आलेला एक परका शिंपला अशी कारणं त्यामागं सांगितली जातात. आता ती संस्था हॅचरीत बी तयार करून सरोवरात सोडतेय. माणसानं काढणीवर लगाम घातला तरी पाणी साथ देत नसेल तर काय होतं, ते अष्टमुडीनं दाखवलं.

सिंधुदुर्गात महिला बचत गटांनी कालवं आणि शिनाणे वाढवण्याचे प्रयोग केले आहेत. शिनाणे दोरावर वाढवायचे तर बी लागतं, आणि आपल्या किनाऱ्यावर ते बहुतेक खडकावरूनच खरवडून आणावं लागतं. खडकावर बी नसेल तर दोर रिकामाच. म्हणून शिंपल्यांची शेती हा उपाय खरा, पण बियाण्याचा प्रश्न त्यानं सुटत नाही, उलट जास्त बोचतो.

घाटाच्या अलीकडं

आजऱ्याचा समुद्राशी संबंध पाटीपुरता, असं म्हणता येईल. आंबोलीच्या कड्यावर पडलेल्या पावसाचा एक थेंब पश्चिमेला घरंगळला तर काही तासांत अरबी समुद्राला मिळतो. पूर्वेला वळलेला थेंब हिरण्यकेशीतून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला, तिथून कृष्णेला आणि अख्खी दख्खन ओलांडून बंगालच्या उपसागराला. आपल्या शेतातलं औषध वेंगुर्ल्याच्या तिसरीपर्यंत पोचत नाही. पण वाटेत हिरण्यकेशी आहे, तिचे ओढे आहेत, आणि त्यातही शिंपले आणि खेकडे आहेत.

नदीतल्या मोठ्या काळपट शिंपल्याची गोष्ट तर समुद्रातल्यापेक्षा नाजूक. त्याची अळी पाण्यात मोकळी फिरून वाढत नाही. तिला माशाचा कल्ला किंवा पर धरून काही दिवस, काही आठवडे काढावे लागतात, मग ती सुटून तळाला बसते. म्हणजे नदीत मासा नसेल तर शिंपल्याचा वंश तिथंच थांबतो, मग तळाला कितीही जुने शिंपले दिसोत. हे जनावर बरीच वर्षं जगतं. त्यामुळं नदीत शिंपले आहेत म्हणजे नदी चांगली, असं समजू नये. बारीक शिंपले आहेत का, ते बघावं. उन्हाळ्यात बंधाऱ्यामागं अडलेलं पाणी तापतं, प्राणवायू कमी होतो, त्यात वरून मळी किंवा सांडपाणी आलं की मासे तरंगतात. हाच तो दुहेरी मार, फक्त समुद्राऐवजी नदीत.

खेकड्याला धोका फवारणीचा जास्त. काजूवरच्या ढेकण्यासाठी आपण लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी औषधं मारतो. माणसाला आणि गुरांना ती त्यामानानं कमी जहाल, पण मासे आणि खेकड्यांना अतिशय जहाल. फवारून झाल्यावर पंप ओढ्यात धुणं ही साधी सवय, पण जानेवारी-फेब्रुवारीत ओढ्याला पाणीच किती असतं? पंप धुतलेलं पाणी ओढ्यापासून लांब, पडीक जागेवर ओतलं तर मातीत ते बरंचसं अडकून राहतं. मोरचुदाचं उरलेलं मिश्रणही तसंच, ओढ्यात नको.

आपल्या नदीओढ्यांतल्या खेकड्यांचं प्रजनन समुद्री खेकड्यांसारखं नाही. समुद्री चिंबोरी लाखांनी अंडी सोडते. घाटातल्या गोड्या पाण्यातली मादी थोडकीच, पण मोठी अंडी घालते आणि ती पोटाखालच्या झडपेत सांभाळते. त्यातून अळी नाही, तर थेट इवलाले खेकडे बाहेर येतात आणि ते काही दिवस आईच्या पोटाखालीच राहतात. पहिल्या पावसात रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं खेकड्यांना निघतात तेव्हा अशी मादी हाताला लागते. ओळखायला सोपी आहे : उलटी केली की पोटावरची झडप नराची अरुंद, तिकोनी असते, मादीची रुंद आणि गोल. झडप फुगलेली असेल तर आत अंडी किंवा पिल्लं आहेत. ती मादी तिथंच ओढ्यात सोडली तर पुढच्या वर्षीचे खेकडे त्याच ओढ्यात मिळतील, कारण ते दुसरीकडून वाहत येत नाहीत.